नवापूर ओलांडणारी वही

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूरला थांबली की मी दोन मिनिटं फलाटावर उतरतो. हे स्टेशन दोन राज्यांत वाटलं गेलंय. लांबी सुमारे ८०० मीटर, त्यातली ३०० महाराष्ट्रात आणि ५०० गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्यावर तर मधोमध रेघ मारून एकीकडे महाराष्ट्र आणि दुसरीकडे गुजरात असं लिहून ठेवलंय. लोक त्यावर बसून फोटो काढतात. मी बाकड्यापाशी उभा राहतो आणि पिशवीतली वही जागेवर आहे ना, ते चाचपून बघतो.

आमचं गाव यावल तालुक्यातलं, म्हणून ही गाडी. वडील लूमवर काम करायला सुरतेला आले आणि आम्ही लिंबायतचे झालो. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं शेड मॅचिंग करतोय. पार्टीनं दिलेल्या चिंधीच्या रंगाशी आपला रंग जुळवायचा, हे माझं काम. बीअरचा आणि माझा संबंध आला तो भाच्यामुळे. तो पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बीअर बनवतो. अकरा वर्षांपूर्वी त्यानं माझ्यासमोर चार लहान ग्लास मांडले आणि विचारलं, "मामा, कशी शे?" मी म्हणालो, "चांगली आहे." चारही ग्लासांना मी तेच म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. मिलमध्ये चार निळे तुकडे समोर ठेवले, तर कोणता हिरवट, कोणता लालसर, कोणता मेलेला, हे मी झोपेतही सांगेन. इथं मात्र माझ्याकडे एकच शब्द होता.

पुण्याहून परतताना घोलवड गेलं, उंबरगाव रोड आलं की दारूबंदी सुरू होते. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा १ मे १९६० ला वेगळ्या झालेल्या गुजरातेनं तसाच पुढे चालवला. बाटली हद्दीच्या अलीकडे आणायची नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं आणि पुढच्या खेपेला दोनशे पानी वही घेऊन गेलो. घरी येऊन पुन्हा एक घोट घेऊन बघू, ही सोय मला नाही. जे टिपायचं ते तिथंच, पहिल्या वेळी. आता तिसरी वही चालू आहे.

१. चाखायला शिकलो ते नीरेवर

डिसेंबर लागला की सुरतेत पहाटे नीरेचे स्टॉल दिसू लागतात. ताडाला किंवा खजुरीला रात्री मडकं बांधतात. ते आतून चुन्यानं फासलेलं असतं, म्हणजे रस आंबत नाही. कायद्यातली नीरेची व्याख्याही हेच सांगते, की आंबू न दिलेला रस म्हणजे नीरा. तो आंबला की ताडी, आणि ताडी म्हणजे गुन्हा.

एका जानेवारीत मी साडेसहाला एक ग्लास प्यायलो आणि मुद्दाम आठपर्यंत तिथंच घुटमळलो. पहिला ग्लास शहाळ्यासारखा, गोडी मऊ, मागे भिजवलेल्या हरभऱ्याचा हलका वास. आठ वाजता त्याच डब्यातल्या नीरेची गोडी तेवढीच होती, पण जिभेच्या कडांना बारीक टोचणी लागत होती आणि ग्लासच्या काठाला बुडबुडे धरले होते. तिसरा मागितला तेव्हा स्टॉलवाला "हवे नहीं, भाई" म्हणाला आणि त्यानं झाकण लावलं. दीड तासात एक पेय दुसरं व्हायला निघालं होतं, आणि ते नेमकं कुठे थांबवायचं हे त्या माणसाला ठाऊक होतं. बीअर बनवणाराही हेच करतो. यीस्टला किती खाऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, यातच त्याचं अर्धं कसब आहे. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला वेळ असते. ग्लास आला तेव्हा, दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासानं, अशा तीन ओळी.

२. रंगाला तीनच मार्क

बीअर स्पर्धांचे परीक्षक वापरतात त्या तक्त्यात एकूण ५० मार्क असतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण अनुभवाला १०. भाच्यानं तो तक्ता दाखवला तेव्हा मला धक्काच बसला. ज्याचा जन्म रंग जुळवण्यात गेला, त्याला रंगाचे तीन मार्क!

तरी रंगाचं एक शास्त्र मी तिथं घेऊन गेलो. मिलमध्ये आम्ही कापड लाइट बॉक्समध्ये ठेवून, ठरलेल्या दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली बघतो. कारण दोन तुकडे ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात वेगळे पडतात. बारमधल्या पिवळ्या दिव्याखाली तर प्रत्येक बीअर मधासारखीच दिसते. म्हणून मी दुपारी जातो, खिडकीपाशी बसतो आणि ग्लासमागे वहीचा कोरा कागद धरतो. तेव्हा कळतं, की काळी म्हणून आलेली स्टाउट कडेला गडद लाल आहे, आणि गव्हाच्या बीअरचं गढूळपण हा दोष नसून तिच्यातलं यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं आहेत. रंग धान्य किती भाजलंय ते सांगतो. चव कशी असेल, ते सांगत नाही. हे मानायला मला दोन वर्षं लागली, कारण बीअर गडद दिसली की ती कडक असणार असंच मन म्हणायचं.

३. केळीची वखार

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरला हेफेवायझन म्हणतात. तिच्यात निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू, असतो. भाच्यानं तिचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "मामा, पिऊ नका. नुसतं नाक घाला."

मी नाक घातलं आणि क्षणभर पुण्यात नव्हतोच. आमच्या गावाजवळ केळी पिकवायची वखार होती. लहानपणी आजोबांबरोबर मी तिथं जायचो. दार उघडलं की अंधारातून जो ऊबदार, गोड, जरासा डोक्यात जाणारा वास अंगावर यायचा, तो तसाच्या तसा त्या ग्लासात होता. मी म्हणालो, "यात केळं घातलंय?" तो हसला. एक फणीसुद्धा घातलेली नव्हती. पिकलेल्या केळ्याला वास देणारा आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा पदार्थ त्या जातीचं यीस्ट स्वतः तयार करतं. तेच यीस्ट लवंगेच्या वासाचाही एक पदार्थ करतं. आंबवण जरा उबेत ठेवली की केळं वर येतं, गार ठेवली की लवंग.

यानंतर मी आधी हुंगायला लागलो. तीन लहान हुंगण्या, मग थांबायचं, कारण नाकाला वासाची सवय फार लवकर होते. नाक बसलं की स्वतःच्या शर्टाची बाही हुंगायची. मिलमध्ये अॅसिटिक अॅसिडच्या वासात वावरणारे आम्ही हे पूर्वीपासून करतो. तोंडात घोट असताना नाकानं हळूच श्वास सोडायचा, तेव्हा आधी न सापडलेला वास मागून येतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असं मोजकंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला बराचसा भाग नाकाचा असतो. सर्दी झाली की आईच्या हातचं भरीतही पांचट लागतं, ते यामुळेच.

त्या दिवशी वहीत लिहिलं: "वखारीचं दार. मागे एक लवंग. फेस मऊ, सायीसारखा. कडूपणा नावालाच." आजही ती ओळ वाचली की ग्लास समोर येतो.

४. आपल्या घरचे शब्द

सुरुवातीला मी इंग्रजी पुस्तकांतले शब्द उतरवून घ्यायचो. ग्रेपफ्रूट, टॉफी, बिस्किट, पाइन. घरी येऊन वाचलं की काहीच आठवायचं नाही, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी मी कधी खाल्लेल्या नव्हत्या. उन्हानं खराब झालेल्या बीअरच्या वासाला तिकडे स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. तो प्राणी मी पाहिलेलाही नाही, तर त्याचा वास कुठून ओळखणार?

मग मी शब्द बदलले. हॉप्स म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं. अमेरिकन हॉप्सची १९७२ मध्ये बाजारात आलेली कॅस्केड नावाची जात आहे, तिच्या वासाला माझा शब्द पपनसाची साल. फिकट माल्ट म्हणजे ताजं दळलेलं सातूचं पीठ. जरा भाजलेलं माल्ट म्हणजे तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा, आणखी भाजलेलं म्हणजे काकवी. स्टाउटमध्ये बिनदुधाच्या कॉफीबरोबर करपलेल्या शेंगदाण्याचं टरफल. तांबूस गोडसर बीअरमध्ये पुष्कळदा मला घोलवडचा पुरता पिकलेला चिकू सापडतो, सालीजवळच्या त्या किंचित खरखरीत रवाळपणासकट.

यीस्टच्या वासाला सुरतेनंच शब्द दिला. डच लोक इथून गेले तेव्हा त्यांची बेकरी दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली. त्या काळी पाव फुगवायला ताडी वापरत. उरलेले पाव वाळून कडक होत आणि लोक तेही आवडीनं खात. त्यातूनच सुरती बटासा आला, असं सुरतकर सांगतात. बटाशाचा डबा उघडल्यावर येणारा कोरडा, आंबूस, खमंग वास मला काही बेल्जियन बीअरमध्ये हमखास भेटतो. वहीत तिथं एवढंच लिहितो, "बटासा". माझ्यापुरतं ते पुरेसं आहे, आणि सुरतेच्या कोणालाही ते समजेल.

भाचा आता पुण्यातल्या त्याच्या सोबत्यांना माझे शब्द सांगतो. त्यांतल्या एकानं चिकू मान्य केला नाही. त्याला तिथं खजूर लागतो. असू दे. वाद घालायला दोघांकडे आपापलं फळ आहे, हे केवढं तरी आहे.

५. पाण्याची हार्डनेस

हा धडा मला कोणी शिकवला नाही. तो मी माझ्या धंद्यातून ओळखला, म्हणून यावर जास्त लिहितो.

डाइंगमध्ये पाणी जड असलं की काम बिघडतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे रंग नीट चढत नाही, डाग पडतात, शेड मंद होते. म्हणून प्रत्येक मिलमध्ये पाणी मऊ करायचा प्लांट असतो आणि सकाळी पहिली तपासणी पाण्याची होते. बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हे कळल्यावर मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "तुमची हार्डनेस किती?" त्यानं आपलं रजिस्टरच समोर ठेवलं. तिथून आमची खरी दोस्ती झाली.

बोहेमियातल्या पिल्झेन गावचं पाणी अतिशय मऊ. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसानं तिथं फिकट माल्ट आणि साझ जातीचे हॉप्स घेऊन सोनेरी लागर बनवली. आज जगभर खपणाऱ्या पिवळ्या बीअरची ती पणजी. मऊ पाण्यामुळे तिच्यातला कडूपणा गोलसर लागतो, टोचत नाही. उलट इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. तिथली बीअर कोरडी, कडूपणा धारदार. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त, त्याला काळं भाजलेलं धान्य मानवतं. त्यातली आम्लता पाण्याचा अल्कलीपणा खाली आणते. मिलमध्ये पीएच सांभाळायला आम्ही अॅसिड टाकतो, ते तिथं भाजलेल्या धान्यानं केलं.

बर्टनची गोष्ट हिंदुस्थानापर्यंत येते. इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, इथल्या गोऱ्या लोकांसाठी जहाजानं येत असे. लंडनच्या हॉजसनची बीअर आधी आली. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसपनं त्या बाजारात उडी घेतली आणि त्या जिप्समच्या पाण्यानं बाजी मारली. लोक सांगतात, की साधी बीअर वाटेत नासायची म्हणून ही खास कडू बीअर शोधून काढली. ती गोष्ट ऐकायला छान आहे, पण मला ती पटत नाही, आणि याचं कारण आमच्या सुरतेतच आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री १६८९ मध्ये इंग्लंडहून निघून सुरतेला आला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापलं गेलं. त्यात तो सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या जेवणाचं वर्णन करतो आणि सांगतो, की युरोपातल्या वाइनला आणि इंग्लिश बीअरला इथं सगळ्यांत जास्त मागणी, महाग असूनही लोक ती आनंदानं विकत घेतात. म्हणजे हॉजसनच्या कितीतरी आधी बीअर आफ्रिकेला वळसा घालून तापीच्या काठावर पिण्याजोगी पोहोचत होती. पुढच्या काळात काळी पोर्टरही हिंदुस्थानात येतच होती. हॉप्समुळे बीअर टिकते हे खरं, तो कडू अंश काही जंतूंना वाढू देत नाही. पण बीअर टिकवायची युक्ती एका माणसाला एका दिवशी सुचली, असं झालेलं नाही.

कडूपणा चाखताना माझा एक नियम आहे. पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही. कारल्यासारखा तो जिभेवर साठत जातो, तिसऱ्या घोटाला त्याची खरी उंची कळते. शेवटचा घोट गिळल्यावर मनात वीसपर्यंत मोजायचं. मेथीच्या भाजीसारखा कडूपणा स्वच्छ निघून गेला, तर पाणी आणि हॉप्स जुळले. घशात चुरचुर उरली, तर काहीतरी चुकलं.

६. फार गार नको

आपल्याकडे बीअर मागतानाच "एकदम चिल्ड" म्हणतात. सुरतेच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण फार गार पेयाचा वास उडत नाही आणि जीभ बधिर होते. हलकी लागर पाच-सहा अंशांवर ठीक, स्टाउट दहा-बारा अंशांवर बोलायला लागते. मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसतो. दहा मिनिटांनी बीअरचा वास बदलतो, तेव्हा दुसरी ओळ लिहितो.

७. उन्हात ठेवलेली बाटली

कापडाचा रंग उन्हात किती टिकतो, याची आम्ही चाचणी घेतो. बीअरचीही घ्यावी. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की गंधकाचा एक वास तयार होतो, माझ्या शब्दांत जळक्या रबरावर कुजका कांदा. तपकिरी काच उजेड बरीच अडवते, हिरवी थोडा, पांढरी जवळपास नाही. दुकानाच्या काचेत सजवून ठेवलेली बाटली घेऊ नये.

बाकीचे दोष मी एकेक करून ओळखायला शिकलो. जुनी होऊन हवा लागलेली बीअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आंबवण अर्धवट राहिली तर कच्चं हिरवं सफरचंद. जिभेवर लोण्याचा बुळबुळीतपणा आला तर यीस्टला आपला पसारा आवरायला वेळ मिळालेला नाही, किंवा नळ्या धुतलेल्या नाहीत. उकडलेल्या मक्याचा वास माल्टमधून येतो, नीट उकळी दिली नाही तर तो राहतो.

पण दोष लिहिण्याआधी स्वतःला तपासायचं, हे मी एका चुकीतून शिकलो. एका ठिकाणी मी स्टाउटला ५० पैकी १९ दिले. पातळ, नुसती कडू, माल्टचा पत्ता नाही. तिथल्या मुलानं नम्रपणे विचारलं, "काका, जेवून आलात का?" मी बहिणीच्या घरून ठेचा-भाकरी खाऊन आलो होतो, आणि वर मुखवास चघळला होता. जीभ मिरचीनं पेटलेली आणि नाकात बडीशेप. ती बीअर कोणी महिनाभर खपून बनवली असेल. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी नाही, पण वरणभातावर जाऊन पुन्हा चाखली. ३८ दिले. १९ आकडा मी खोडला नाही. त्याच्यापुढे कारण लिहून ठेवलंय, आणि त्यानंतर चाखायच्या दिवशी तिखट, सुपारी आणि अत्तर बंद केलं.

८. आवड वेगळी, जात वेगळी

मला आंबट बीअर आवडते, म्हणून पिल्झनरला ती आंबट नाही या कारणानं कमी मार्क देता येत नाहीत. पार्टीनं मोरपंखी मागितला आणि मी सुंदर राणी रंग दिला, तर माल परत येतो. आधी विचारायचं, हिला काय व्हायचं होतं? मग ती तिथवर पोहोचली का? बीअरच्या जाती अशा सुट्या करून ओळखायची सवय जगाला लावली ती मायकल जॅक्सन या इंग्लिश लेखकानं, १९७७ च्या 'द वर्ल्ड गाइड टू बीअर' या पुस्तकातून. माझी स्वतःची आवड मी पानाच्या तळाशी वेगळ्या शाईत लिहितो.

पुण्यातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ ची, डूलाली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सैनिक महिनोन्महिने उन्हात पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत हा शब्द रुजला. मूळ वाक्प्रचारात पुढे 'टॅप' होतं, ते आपलंच 'ताप'. हे कळल्यावर मला पुण्याच्या त्या टेबलावर परकं वाटेनासं झालं.

९. चार लहान ग्लास

मी एका बैठकीत चारच घेतो, प्रत्येकी शंभर मिलिलिटर. हलक्यापासून सुरुवात, शेवटी काळी. मध्ये पाणी आणि साधा पाव. त्या रात्री भाच्याकडे मुक्काम, गाडी दुसऱ्या दिवशीची. पाचव्या ग्लासाची नोंद कधीच खरी नसते. आपल्या दुकानांत खपणाऱ्या बहुतेक बाटल्या स्ट्राँग असतात आणि त्या चवीसाठी घेतल्या जात नाहीत, हेही इथंच लिहितो. दमणला मी एकदाच गेलो. तिथं सुरतेहून आलेले लोक वेळ संपायच्या आत किती होईल, या घाईनं पीत होते. माझ्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.

हे लिहिताना मला माझे काका आठवतात. लिंबायतला संध्याकाळी दारूची पोटली मिळायची. ती कुठून यायची हे सगळ्यांना माहीत होतं. काकांचा पगार, मग काकूच्या पाटल्या, मग काका स्वतः. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली, २०२२ मध्ये बोटादकडे चाळिसाहून जास्त. मिथाइल अल्कोहोलला चव विचारणारा कोणी नसतो.

आणि आमची गाडी नवापूरच्या आधी ज्या व्यारा भागातून जाते, तिथं १९२२ च्या अखेरीस आदिवासींनी देवीच्या आदेशावरून दारू आणि ताडी सोडली होती. ती लाट किनाऱ्यावरच्या मच्छीमारांकडून सुरू झाली आणि सुरत जिल्ह्यात पसरली. अंगात आलेली देवी सांगे, दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या सावकाराकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी यावर पुस्तक लिहिलंय. सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी, दारूच्या दुकानदारीनं नागवलेल्या माणसांनी स्वतः घेतलेला तो निर्णय होता. त्या शपथेचा मला आदर आहे. म्हणूनच मी पिण्याबद्दल बोलत नाही, चाखण्याबद्दल बोलतो. या दोन्हींतला फरक माझ्या घरानं किंमत मोजून शिकलाय. वहीत पहिल्या पानावर काकांचं नाव लिहिलेलं आहे.

१०. आंबट

ब्रुसेल्सजवळ झेन नदीच्या खोऱ्यात लांबिक नावाची बीअर होते. तिच्यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत. उकळलेला रस रात्रभर उघड्या उथळ हौदात गार व्हायला ठेवतात आणि हवेतलं, लाकडातलं जे काही असेल ते त्यात उतरतं. मग लाकडी पिंपात एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. गेल्या दिवाळीनंतर भाच्यानं कुठून तरी तिची एक बाटली मिळवली आणि मी येईपर्यंत उघडली नाही.

मी नाक घातलं. कोरडी गंजी, लिंबाची साल, जुन्या वाड्यातलं लाकूड. घोट घेतला आणि जिभेच्या कडांना तीच बारीक टोचणी लागली, जानेवारीतल्या सकाळी आठ वाजता लागलेली. आठनंतर नीरेत पुढे काय झालं असतं, याचं उत्तर तीन वर्षं पिंपात थांबून माझ्यासमोर आलं होतं. भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला पहिल्या वहीतलं नीरेचं पान काढून दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मामा, डिसेंबरात येऊ का मी सुरतेला?"

तो आला. पहाटे सहाला आम्ही दोघं अंगावर शाल घेऊन स्टॉलवर उभे होतो. त्याच्या हातात नवी, पहिलंच पान उघडलेली वही होती. वर त्यानं वेळ लिहिली होती, ६:२०.